थोरलीचे दिवे

रविवार, २ तारीख

स्क्रूड्रायव्हर ही वस्तू स्क्रू फिरवण्यासाठी निर्माण झाली आहे, असे मत असणारा या घरात मी एकटाच उरलो आहे, याची नोंद अत्यंत खेदाने इथे करून ठेवतो. इतरांच्या मते तिचा जन्म डब्यांची झाकणे उचकटण्यासाठी, मोरीतला केर टोकरण्यासाठी आणि वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीच्या फटीत खुपसून ठेवण्यासाठी झाला आहे. आज मला तो सकाळपासून हवा होता. दुपारी साखरेच्या डब्यात सापडला. साखरेची ढेकळे झाली होती म्हणे. प्रत्येक पदार्थाला काही स्वधर्म असतो की नाही, असे मी बायकोला विचारले. ती म्हणाली, "सापडला ना? मग झालं."

तो हवा होता याचे कारण थोरली.

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, एक जुनी मोटार आहे. माझ्या बायकोपेक्षा ती दोन वर्षांनी मोठी, म्हणून घरात तिला थोरली म्हणतात. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. चौतीस वर्षे ते वजनमापे निरीक्षक होते. शहरातल्या दुकानदारांचे काटे तपासायचे आणि खोटा निघाला की जप्त करायचे, एवढेच त्यांनी आयुष्यभर केले आणि मन लावून केले. आता दर गुरुवारी थोरली काढून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे जातात. तो बिचारा तीन वर्षे अंथरुणाला खिळलेला आहे. अण्णा त्याला आठवड्याची वर्तमानपत्रे वाचून दाखवतात. मी वार्ताहर असल्यामुळे त्यांत माझ्याही बातम्या असतात. दोघे मिळून त्यातल्या चुका काढतात आणि त्या शुक्रवारी मला फोनवर कळवल्या जातात.

तर या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला थोरलीची तपासणी आहे. एवढ्या जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी सरकारी तपासनीसापुढे उभे राहून आपण अजून गाडी आहोत हे सिद्ध करावे लागते. इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक चोख आहेत, दिव्यांचा मात्र आनंदीआनंद आहे. दिव्यांत नापास झाली तर नोंदणी रद्द, आणि थोरली कायमची शेडमध्ये.

दिवे दुरुस्त करण्याचे काम माझ्यावर सोपवावे, हा ठराव आज बायको आणि तिचा धाकटा भाऊ यांनी एकमताने मंजूर केला. अण्णा या मेहुण्याकडेच राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी म्हटले, एखाद्या गॅरेजवाल्याला बोलवा. मेहुणा म्हणाला, "हल्लीच्या मेकॅनिकना जुनं वायरिंग कळत नाही, भाऊजी. तुमच्यासारखा शांत डोक्याचा माणूस पाहिजे." लग्नाला सव्वीस वर्षे झाली. या घराण्याने माझ्या कोणत्याही अवयवाची स्तुती करण्याची ही पहिलीच वेळ.

माझ्या हस्तकौशल्याचा पूर्वेतिहास इतकाच, की मी एकदा स्वयंपाकघरात फळी ठोकली होती. ती अजून आहे. जमिनीवर आहे.

सोमवार, ३ तारीख

संध्याकाळी थोरलीची प्राथमिक पाहणी. लक्षणे अशी: पुढचे दोन्ही मोठे दिवे लागतात, पण आजाऱ्याने डोळे उघडावेत तसे. ब्रेक दाबला की मागचा डावा लाल दिवा उजळण्याऐवजी विझतो आणि शेजारचा पिवळा मिणमिणतो. डावा इंडिकेटर लावला की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे त्याच्याबरोबर डोळे मिचकावतात. नंबरप्लेटवरचा दिवा स्वतःच्या मर्जीने लागतो. हॉर्न उत्तम वाजतो. त्याला कोणी विचारले नव्हते.

मी अकरा वर्षे संस्कृत पाठशाळेत काढली आहेत. तिथे कार्यकारणभाव पक्का करण्याची एक रीत शिकवतात: अमुक असताना तमुक असते का, आणि अमुक नसताना तमुक नसते का, हे दोन्ही बाजूंनी तपासायचे. ही रीत मी दिव्यांना लावली आणि तीन पाने भरून कोष्टक केले. अण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी कोष्टक चष्मा पुसून वाचले आणि म्हणाले, अक्षर चांगले आहे.

घरी आल्यावर बायकोने न मागता चहा दिला. वर म्हणाली, "नाही जमलं तरी मनावर घेऊ नका हं." तिचा स्वभाव अलीकडे फार मऊ झाला आहे.

शुक्रवार, ७ तारीख

काल गुरुवार होता. अण्णा दुपारी चारला परत यायचे ते सव्वासहाला आले. विचारले तर म्हणाले, पाण्याच्या टाकीपाशी रस्ता बदलला आहे, सगळे नवेच केले आहे. मी या शहराचा वार्ताहर. टाकीपाशी चाळीस वर्षांत एक खड्डासुद्धा बदललेला नाही, हे छापील पुराव्यानिशी सांगू शकतो. मी म्हटले, अण्णा, नगरपालिकेने टाकी हलवली आणि मला कळवले नाही, ही मोठीच बातमी हुकली. अण्णा हसले. मी हसलो. बायको आणि मेहुणा मात्र एकमेकांकडे बघत राहिले. या बहीणभावंडांना विनोदाचे अंग वडिलांकडून मुळीच मिळालेले नाही.

शनिवार, ८ तारीख

आज बॅटरीवाल्या बाईंकडे गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचे गाडीच्या बॅटऱ्यांचे दुकान आहे. साठीच्या आहेत, बोलताना हातातले काम थांबवत नाहीत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाहीत. मी कोष्टक दाखवले. त्यांनी ते उलटे धरले, मग सुलटे केले आणि परत दिले.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "एक दिवा लावला की दुसरा भलताच लागतो ना? मग दिव्याला काही झालेलं नाही. वीज गेली ती परत यायला पाहिजे. जायची वाट सगळे बघतात, परतीची कोणी बघत नाही."

म्हणजे अर्थिंग. जुन्या गाडीत वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. पत्र्याशी सांधा नीट नसेल तर ती परतीसाठी शेजारच्या दिव्यांच्या घरांतून वाट काढते, आणि ती घरे उगाच उजळतात. अकरा वर्षांच्या शिक्षणात इतके स्वच्छ विवरण मी ऐकले नव्हते. मी तसे बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, बाजूला सरका, उजेड अडतोय.

मेहुण्याकडे विजेचे माप घेणारा मीटर आहे, तो उद्या घ्यायचा.

रविवार, ९ तारीख

मीटर नाही. मेहुण्याने तो कालच शेजाऱ्याला दिला आणि शेजारी परगावी गेला. केव्हा येणार ते माहीत नाही. शिवाय बायकोने ऐन वेळी माझ्या मावशीकडे जायचा बेत काढला. या मावशीला ती नऊ वर्षे टाळत आली आहे. मी नम्रपणे नकार दिला, कारण कर्तव्य कर्तव्य असते.

मीटर नाही म्हणून पुन्हा बॅटरीवाल्या बाईंकडे. त्यांनी एक लहान बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा असे उपकरण हातावर ठेवले. एक टोक बॅटरीच्या प्लसला लावायचे, दुसरे जिथे संशय आहे तिथे टेकवायचे. बल्ब पेटला तर तिथून परतीची वाट आहे. मी थोरलीच्या मागच्या बाजूला उकिडवा बसलो. बंपरच्या पट्टीला टोक लावले, बल्ब पेटला. डाव्या दिव्याच्या खोबणीला लावले, बल्ब गप्प. पुन्हा पट्टी, पुन्हा खोबण. असताना असते, नसताना नसते. पाठशाळेतल्या माझ्या गुरुजींनी त्या क्षणी माझी पाठ थोपटली असती, पण पाठ तेव्हा इतकी धरली होती की नको म्हटले असते.

कारण सापडले. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी थोरलीला नवा रंग लावून घेतला. रंगाऱ्याने इतक्या प्रेमाने काम केले की अर्थिंगचा स्क्रू जिथे पत्र्याला टेकतो तिथेही दोन हात मारले. रंगातून वीज जात नाही. मी पॉलिशपेपरने तेवढी जागा घासून पत्रा चकचकीत केला, स्क्रू आवळला, वर ग्रीसचे बोट फिरवले. अण्णांनी ब्रेक दाबला. लाल दिवा उजळला, पिवळा मुकाट्याने बसला. इंडिकेटर लावला तर डॅशबोर्डाने डोळे मिचकावले नाहीत.

मी घरी येऊन वर्दी दिली. बायको म्हणाली, "खरंच लागला?" आणि गॅस बारीक करायला विसरली. दूध उतू गेले. तिला माझे इतके कौतुक वाटेल अशी कल्पना नव्हती.

गुरुवार, १३ तारीख

पर्वतावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे आम्हाला उदाहरणादाखल शिकवले होते. तोच धूर डॅशबोर्डातून येऊ लागला तर अनुमान करत बसू नये, हे शिकवायचे राहून गेले.

झाले असे. अण्णा सहकाऱ्याकडे निघण्यापूर्वी मी नंबरप्लेटचा दिवा बघत होतो. तो डिकीच्या झाकणावर आहे. झाकण खाली केले आणि पुढून निळसर धूर निघाला. मी "अण्णा, धूर" असे म्हणून जागच्या जागी उभा राहिलो. अण्णा खुर्चीतून उठले, शांतपणे बॉनेट उघडले, खिशातला रुमाल हाताला गुंडाळून बॅटरीची वायर उपटली आणि पुन्हा येऊन बसले. मला वाटते त्यांना आठ सेकंद लागली असतील.

डिकीच्या बिजागरीत वायर चेपून उघडी पडली होती. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. तो का उडाला नाही हे बघायला फ्यूजची पेटी उघडली. आत फ्यूज नव्हताच. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून बसवलेली होती.

मी त्या चांदीकडे आणि मग वजनमापे निरीक्षकांकडे बघितले. अण्णा म्हणाले, तात्पुरते होते ते. मी विचारले, कधीपासून? ते बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, "तुमचा मेहुणा चौथीत होता." मेहुण्याला आता चष्म्याचा दुसरा नंबर लागला आहे.

इंडिकेटरच्या वायरीही थोड्या भाजल्या आहेत. बॅटरीची वायर काढलेली, त्यामुळे आजची सहकाऱ्याकडची फेरी हुकली. अण्णांनी फोनवरून त्याला अर्धे वर्तमानपत्र वाचून दाखवले. बाकीचे अर्धे वाचताना त्याला झोप लागली. अण्णा तरीही शेवटपर्यंत वाचत होते.

सोमवार, १७ तारीख

भाजलेल्या वायरी बदलायच्या होत्या. अण्णांनी एका नळकांड्यातून नकाशा काढला. थोरलीच्या वायरिंगचा हा नकाशा त्यांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः काढलेला. मोजपट्टीने मापून, शाईने, प्रत्येक वायरीला क्रमांक आणि रंग, एकीकडे 'डावे' आणि एकीकडे 'उजवे' असे ठसठशीत. असा दस्तऐवज समोर असताना शंका घेणे हे पाप आहे, असे मी मानले आणि दोन दिवस त्याबरहुकूम वायरी जोडल्या. डावा इंडिकेटर लावला. उजवा मिचकावू लागला. सगळ्या सोडवून पुन्हा जोडल्या. पुन्हा उजवा.

आज संध्याकाळी कंटाळून ठरवले की नकाशा बाजूला ठेवून मूळ जागीच बघावे. डॅशबोर्डाच्या खाली डोके घालायला एकच मार्ग आहे: सीटवर उलटे आडवे व्हायचे, डोके पेडलांकडे, तोंड वर आणि पाय सीटच्या पाठीवरून मागे. या आसनात मी स्थिर झालो असताना बायको चहा घेऊन आली आणि तिला शेडमध्ये फक्त माझे मोजे दिसले. तिने मोज्यांना विचारले, "बरे आहात ना?"

उत्तर देताना मी हात हलवला आणि माझे मलाच कळले. माझा उजवा हात गाडीच्या डाव्या दाराला लागला होता. अण्णांनी तीस वर्षांपूर्वी नकाशा याच आसनात काढला होता आणि पडल्या पडल्या जे डावे दिसले त्याला डावे म्हटले होते.

मी हे अण्णांना सांगितले. त्यांनी नकाशा घेतला, खुर्चीत मागे रेलून तो डोक्यावर धरला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "मी जिथं होतो तिथून ते बरोबरच आहे, जावईबुवा." हे खंडन करता येणार नाही असे विधान आहे. मी वायरी बदलल्या. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. अण्णांच्या परवानगीने नकाशावर बारीक अक्षरांत टीप लिहिली: 'आडवे पडून वाचावा.'

शुक्रवार, २१ तारीख

काल अण्णा सहकाऱ्याकडून बसने परत आले. शेडमध्ये गेले, थोरली नाही, म्हणून मेहुण्याला विचारले की गाडी कोणी नेली. गाडी सहकाऱ्याच्या दारात उभी होती. मेहुणा जाऊन घेऊन आला.

मी परवा डोक्यावर चष्मा ठेवून तासभर चष्मा शोधला, हे मी सर्वांना मुद्दाम सांगितले, म्हणजे अण्णांना बरे वाटावे. अण्णांना बरे वाटलेही असावे. बायको उठून आत गेली. संध्याकाळी म्हणाली, "तुमची पाठ धरली आहे, राहू द्या ते दिव्यांचं. झालं तेवढं पुष्कळ." मी म्हटले, आता फक्त पुढचे मोठे दिवे राहिले आहेत आणि सात दिवस हातात आहेत. इतके बोलून मी तिच्या खांद्यावर थोपटले. माझ्या पाठीची ही काळजी मला हलवून गेली, हे लिहून ठेवतो.

रविवार, २३ तारीख

विजय.

पुढचे दिवे मंद का, याचे उत्तर बॅटरीवाल्या बाईंनी दुकानातून न उठता दिले. जुन्या गाडीत मोठ्या दिव्यांची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या एका म्हाताऱ्या बटणातून जाते. बटणाचे आतले पत्रे झिजलेले, त्यामुळे वाटेतच निम्मी दमते. उपाय असा की बटणाने फक्त हुकूम द्यायचा, आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर टाकून मध्ये रिले नावाची डबी बसवायची. हुकूम मिळाला की डबी खट्ट म्हणते आणि वीज थेट दिव्याकडे सोडते. वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादक हेच काम करतो, फक्त खट्ट जास्त वेळा म्हणतो.

दोन रिले, चार फ्यूज (खरे), आणि माझा पूर्ण दिवस. सूर्य मावळल्यावर अण्णांनी थोरली शेडबाहेर काढून समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. मी म्हटले, लावा. खट्ट. भिंतीवर दोन चंद्र उगवले. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी दोरीवरचे कपडे काढता काढता डोळ्यांवर हात धरला आणि काय चालले आहे ते विचारले.

अण्णा उतरले. भिंतीजवळ गेले, उजेडात स्वतःची सावली बघितली, हात वर केला, सावलीनेही केला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस भिंतीवर हाताच्या सावलीचा कुत्रा करून दाखवत होता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मला वाटलं नव्हतं हं तुमच्याच्यानं होईल." या घराण्यात इतकी खुली प्रशंसा कोणाच्याही वाट्याला आलेली नाही.

मेहुणा दारात उभा होता. म्हणाला, "म्हणजे झालंच म्हणता, भाऊजी?" मी म्हटले, झालंच. तो म्हणाला, "वा," आणि फोन करायला आत गेला. कोणाला, ते कळले नाही. पण त्याच वेळी घरी बायकोचा फोन लागेना.

शुक्रवार, २८ तारीख

आज तपासणी. सगळे सविस्तर लिहायचे आहे आणि हात सावकाश चालतो आहे.

सकाळी निघण्यापूर्वी मी प्रत्येक दिवा दोनदा लावून बघितला. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावले होते. मी शेजारी बसलो. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे शेजारी बसण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

तपासनीस तिशीचा, शेलाटा, अदबशीर. अण्णा कोण होते हे कळल्यावर त्याने उभे राहून नमस्कार केला. तरीही तपासणीत सूट देणार नाही हे त्याने आधीच सांगितले, आणि अण्णांना त्याचा आनंद झाला. तो गाडीपुढे उभा राहिला, मी मागे. मोठे दिवे. झकास. बारीक करा. झाले. तो मागे आला. ब्रेक. झाले.

"डावा इंडिकेटर, आजोबा."

उजवा मिचकावू लागला.

"डावा."

अण्णांनी तो बंद केला. थोडे थांबले. पुन्हा लावला. पुन्हा उजवा.

मी तिथेच उभा होतो. वायरी मी जोडल्या होत्या, सकाळी दोनदा बघितल्या होत्या. मागच्या काचेतून अण्णांचा हात दिसत होता. तो खटक्यावर होता आणि कोणीतरी परका हात ठेवून गेल्यासारखा तिथे पडून होता. टाकी, बस, सगळे मला त्या एका हातात दिसले. महिनाभर माझ्याभोवतीच्या माणसांना जे दिसत होते ते मला आत्ता दिसले.

तपासनिसाने कागदावर पेन टेकवले. मी म्हटले, "साहेब, खाली एक वायर सैल आहे. माझीच चूक. दोन मिनिटं द्या."

त्याने घड्याळ बघितले आणि मान हलवली. मी दार उघडून त्याच आसनात आडवा झालो, डोके डॅशबोर्डखाली, पाय सीटवरून मागे. वर माझ्या वायरी होत्या. एकही सैल नव्हती. मी त्यांच्याकडे बघत वीसपर्यंत अंक मोजले. अण्णांचे बूट माझ्या कानाशी होते, काल रात्री पॉलिश केलेले. मग मी उठलो आणि उतरण्यापूर्वी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हटले, "इकडे, अण्णा."

डावा लागला. मग उजवा. मग डावा पुन्हा. तपासनिसाने शिक्का मारला.

परत येताना टाकीपाशी वेग कमी करून अण्णा म्हणाले, "खाली जाऊन काय केलंत?"

मी म्हटले, वायर सैल होती.

"चौतीस वर्षं मी दुकानदाराचं तोंड बघून काटा ओळखायचो, जावईबुवा." त्यांनी समोरून नजर काढली नाही. "असा काटा मी पास केला नसता."

मग त्यांनी इंडिकेटर लावला, बरोबर लावला, आणि गाडी वळवली.

शनिवार, २९ तारीख

बायकोने आज सगळे सांगितले. अण्णांना मुलांनी गाडी सोडा म्हटले तर ते सात जन्म ऐकणार नाहीत. पण सरकारी माणसाने शिक्का नाकारला असता तर हूं की चूं न करता त्यांनी किल्ली खुंटीला लावली असती, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना तेच करायला लावले. दोघा बहीणभावंडांना एवढेच हवे होते.

मी विचारले, मग मला आधी का नाही सांगितले?

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. आणि सांगायची गरज कुठं होती? काम तुमच्याकडे दिलं म्हणजे ते होणार नाही, यावर आमचा भरवसा होता." ती चिडून बोलत होती. "सव्वीस वर्षांत एक खिळा सरळ ठोकला नाहीत. नेमकं आत्ताच सुचलं?"

मी म्हटले, फळी अजून आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटले. हसता हसता खाली बसली. मीही बसलो. आम्ही दोघे स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तिच्या डोळ्यांतले पाणी नंतर थांबेना, तेव्हा मी उठून चहा केला.

संध्याकाळी मेहुणा तो मीटर मला द्यायला आला. शेजारी परगावहून आला का, असे मी विचारले. तो म्हणाला, "कुठला शेजारी?"

तपासणीच्या वेळी मी काय केले ते मी दोघांनाही सांगितलेले नाही.

बुधवार, २ तारीख

उद्या गुरुवार. दुपारी अण्णांचा फोन आला. म्हणाले, उद्यापासून तुम्हीही चला, दोन वाचणारे असले की त्याला झोप लागत नाही. त्यांनी आजवर असे कधी म्हटले नव्हते. मी लगेच हो म्हटले. का बोलावतात ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

बायकोला हायसे वाटले. ती म्हणते, तुम्ही बरोबर असलात म्हणजे बरे. मी बरोबर असून काय करणार आहे, हे तिला कसे सांगू? ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे मला अजून आडवे पडूनच ओळखता येते. चालवायला शिकायचे तर वेळ लागेल, आणि उद्या उद्याच आहे. तिला खरे सांगायचे तर त्या दोन मिनिटांचेही सांगावे लागेल. किल्ली त्या दिवशी खुंटीला लागत होती. ती मी काढून त्यांच्या हातात दिली.

दिवे सगळे लागतात. त्यांची मला काळजी नाही. मला भीती वाटते ती अशी, की एखाद्या चौकात अण्णा गाडी उभी करतील, माझ्याकडे वळतील आणि डावीकडे की उजवीकडे असे विचारतील. आणि त्याहून जास्त भीती वाटते, की ते विचारणार नाहीत.